निनावी लिंक आणि ‘महिन्याचा मानकरी’: बेळगाव सीमाभागातल्या एका चाहता गटाचं प्रकरण

हे प्रकरण बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या भागातल्या मराठी मुलामुलींच्या एका चाहता गटाचं आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना विचारून लिहिलंय. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी बेळगावात कॉलेजच्या मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये गटाच्या मुख्य अ‍ॅडमिननं मला फोन केला. तिथून पुढचं मी जवळून पाहिलं. त्याआधीचं गटातले जुने मेसेज वाचून आणि मुलींशी बोलून मांडलंय.

पार्श्वभूमी

एका मराठी मालिकेतल्या जोडीवर जीव टाकणाऱ्या चार मैत्रिणींनी टेलिग्रामवर हा गट सुरू केला. बघता बघता सदस्य चारशेच्या आसपास गेले. निम्म्याहून अधिक सीमाभागातले, बाकी कोल्हापूर, सांगली, पुण्याचे. मालिकेचा भाग संपला की रात्री उशिरापर्यंत गप्पा चालायच्या. कुणी दृश्यं कापून गाण्यावर बसवलेले एडिट टाकायचं, कुणी चित्रं काढायचं, कुणी त्याच पात्रांवर स्वतःच्या कथा लिहायचं. अशा कथांना मुली ‘फिक’ म्हणतात.

हा गट या मुलींना किती मोलाचा होता, ते आधी समजून घ्यायला हवं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिला. आजही इथल्या मुलीच्या घरात मराठी असते, बसच्या पाटीवर कानडी आणि कॉलेजच्या वर्गात इंग्रजी. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि लोक तिथं हौसेनं जातात. पण वर्षाचे बाकीचे दिवस, स्वतःच्या मराठीत काहीतरी लिहावं आणि आपल्याच वयाच्या कुणीतरी ते त्याच रात्री वाचावं, ही सोय या मुलींना दुसरीकडे कुठे नव्हती. म्हणून ‘एवढं मनाला लावून घ्यायचं कशाला, गट सोडून दे’ हा मोठ्या माणसांचा सल्ला इथं निरुपयोगी होता.

गटात एक पद्धत होती, ‘महिन्याचा मानकरी’. महिनाअखेरीस मतदान व्हायचं. जिंकणारीचं काम गटात वर पिन व्हायचं, गटाच्या इन्स्टाग्राम पेजवर जायचं आणि तिला नावापुरतं अ‍ॅडमिन करून तिच्या नावापुढे ‘मानकरी’ असं बिरुद लागायचं. टेलिग्रामवर अ‍ॅडमिनला असं बिरुद देता येतं आणि मुद्दाम बदललं नाही तर तिथलं मतदान निनावीच असतं. कोणी कोणाला मत दिलं ते दिसायचं नाही, निकाल मात्र सगळ्यांना दिसायचा.

चाहत्यांच्या जगात पैसा नसतो. कष्ट करणाऱ्याला मिळते ती दाद आणि नाव. इंग्रजी चाहता मंडळींत इंटरनेटच्याही आधीपासून ‘बिग नेम फॅन’ असा शब्द रूढ आहे: ज्याच्या शब्दाला वजन, ज्याच्या भोवती कोंडाळं, ज्यानं शेअर केलं तर नवख्याची कथा वाचली जाते असा चाहता. आमच्या गटात हे स्थान बेळगावातल्या शहापूर भागातल्या एका एडिट करणाऱ्या मुलीचं होतं. तिच्या हाताला खरंच सफाई होती आणि मानकरीचं बिरुद बहुतेक महिने तिच्याकडेच असायचं.

प्रश्न कसा उभा राहिला

ऑगस्टमध्ये खानापूरची एक मुलगी गटात फिक टाकायला लागली. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज खानापूर-बेळगाव ये-जा. तिनं मालिकेतली जोडी उचलून थेट खानापूरच्या जंगलपट्टीत आणली आणि त्यांच्या तोंडी इथली बोली घातली. ‘जेवून जा की’, ‘तुला कोण सांगितलं?’ अशी. सीमाभागातल्या मुली त्या कथेवर तुटून पडल्या. सप्टेंबरचा मान तिला मिळाला.

त्याच सुमारास मुख्य अ‍ॅडमिननं एक निर्णय घेतला. ती निपाणीची, शाळेत शिकवणारी, गटातली सगळ्यांची ‘ताई’. इन्स्टाग्राम पेजवर हालचाल वाढावी म्हणून तिनं निनावी संदेशांची एक लिंक लावली आणि वर लिहिलं, ‘नाव न सांगता सांगा, गटात तुम्हाला कोण आवडतं, कोण नाही?’ माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागात पडलेला निर्णय हाच. निनावी पेटी कुठेही ठेवली तरी तिच्यात थोडी घाण येतेच. इथं मात्र पेटीवरच्या प्रश्नानंच माणसांची तुलना करायला सांगितलं होतं आणि तीही नुकताच मान बदललेला असताना.

पहिल्या दोन दिवसांत आलेले संदेश मी वाचले आहेत. बरेचसे गोड होते. एकीनं लिहिलं होतं, ‘खानापूरच्या दीदीची कथा वाचून मला माझ्या आज्जीचा आवाज ऐकू आला. नाव सांगायला लाज वाटते.’ मग सूर फिरला. ‘ही कुठली मराठी? कानडी कालवलेली.’ ‘आधी मराठी शीक, मग लेखिका हो.’ ‘सीमाभागाच्या नावावर सहानुभूतीची मतं.’ ताई हे संदेश आले तसे स्टोरीवर लावत गेली. तिचं म्हणणं, निवडून लावले असते तर पक्षपाताचा आरोप झाला असता.

ऑक्टोबरच्या मतदानात शहापूरची मुलगी पुन्हा जिंकली आणि त्याच रात्री कुणीतरी गटातल्या मुलींवर एक वेगळं ‘कबुली’ पेज काढलं. कोण कोणाची चमची, कोणाची कथा चोरीची, कोणाचा खरा चेहरा कसा, असल्या पोस्टी. त्यात खानापूरच्या मुलीचा कॉलेजच्या कार्यक्रमातला फोटो लावून, तीच बोलते आहे अशा थाटात एक खोटी माफी टाकली होती: ‘मला मराठी येत नाही, मला माफ करा.’ १ नोव्हेंबर तोंडावर होता. इथं त्या दिवशी एकीकडे राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटकच्या स्थापनादिनाच्या मिरवणुका असतात आणि दुसरीकडे मराठी माणसं काळा दिन पाळतात. वातावरण आधीच तापलेलं असतं. त्या आठवड्यात एखाद्या मुलीच्या मराठीपणावर बोट ठेवलं की ते थेट घरापर्यंत जातं. ज्या घरांनी मराठी टिकवायला पिढ्यान्‌पिढ्या मोर्चे काढले, त्या घरातल्या मुलीला कुणीतरी सांगत होतं की तू मराठीच नाहीस.

मग गटानं शोधमोहीम सुरू केली. संदेशांतली भाषा ‘शुद्ध’ होती, म्हणून संशय पुण्याच्या सदस्यांवर गेला. कोण कधी ऑनलाइन होतं, कोण ‘नक्कीच’ हा शब्द जास्त वापरतं, कोण तीन टिंबं देतं, असा हिशेब मांडून तिघींची नावं गटात टाकली गेली. त्यातली एक पुण्याची मुलगी त्याच रात्री गट सोडून गेली. तिनं काही केलं असल्याचा पुरावा तेव्हा नव्हता, आजही नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खानापूरच्या मुलीला नव्या खात्यावरून मेसेज आला: ‘साडेसातच्या गाडीला खिडकीशी बसतेस ना? लिहायचं थांबव, नाहीतर बघ.’ तिनं चार दिवस कॉलेज बुडवलं आणि घरी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. त्यानंतर ताईनं मला फोन केला.

समोरचे पर्याय

आमची पहिली बैठक बेळगावात टिळकवाडीत एका ओळखीच्यांच्या घरी झाली. ताई, खानापूरची मुलगी, शहापूरची मुलगी, अथणीचा एक सदस्य आणि मी. शहापूरच्या मुलीला बोलवावं की नाही यावर आदल्या दिवशी बरीच चर्चा झाली होती, कारण अर्ध्या गटाचा संशय तिच्यावरही होता. बोलवलं ते बरं झालं. ती आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, ‘मी केलं नाही. पण तिला मान मिळाल्यावर मला वाईट वाटलं होतं, ते खोटं सांगणार नाही. मी रात्र रात्र जागून एडिट करते आणि लोक म्हणायला लागले, हिचं आता संपलं.’ खानापूरची मुलगी तिच्याकडे बघत राहिली. ‘मला पण ऑक्टोबरमध्ये तसंच झालं,’ एवढंच ती म्हणाली.

गट बंद करावा, हा पहिला पर्याय ताईचाच. ती थकली होती. पण गट बंद झाला असता तर कबुली पेज तसंच राहिलं असतं आणि मुलींची आपसातली साथ तेवढी गेली असती.

दुर्लक्ष करावं, हा दुसरा. नुसत्या टोमण्यांपुरता तो चालला असता. पण शेवटच्या मेसेजमध्ये तिच्या गाडीची वेळ होती. ज्याला वेळ माहीत आहे त्याला ती कुठे उतरते हेही माहीत असू शकतं. टिंगल कुठे संपते आणि धमकी कुठे सुरू होते, त्याची रेघ इथं स्पष्ट होती.

पाठवणाऱ्याला हुडकून काढावं, हा तिसरा आणि गटात सर्वांत लोकप्रिय. अथणीच्या मुलाला फोन-कॉम्प्युटरमधलं बरंच कळतं. एखादी लिंक पाठवून पाठवणाऱ्याचा पत्ता काढता येईल का, असं त्यानं विचारलं. मी ठाम नको म्हटलं. पहिलं कारण पुण्याच्या मुलीचं जे झालं ते. दुसरं असं की अशा लिंकवर आलेला प्रत्येक संदेश माणसानंच लिहिलेला असतो, याचीही खात्री नसते. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं एनजीएल या निनावी संदेशांच्या अ‍ॅपवर कारवाई केली. आपणच तयार केलेले खोटे संदेश माणसांनी पाठवले आहेत असं वापरणाऱ्यांना भासवणं आणि पाठवणारा कळेल असं सांगून पैसे घेणं, हे त्यातले मुख्य आरोप. कंपनीनं ५० लाख डॉलर भरायचं आणि १८ वर्षांखालच्यांना अ‍ॅप न देण्याचं मान्य केलं. त्याआधी साराहा हे तशाच धर्तीचं अ‍ॅप २०१७ मध्ये जगभर गाजलं आणि छळाच्या तक्रारींनंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये अ‍ॅपल आणि गूगल दोन्हींच्या स्टोअरवरून निघालं. आमच्या गटानं वापरलेली लिंक दुसरी होती आणि तिच्यावर असा काही आरोप आहे असं मी म्हणत नाही. पण ‘वीस संदेश म्हणजे वीस शत्रू’ हा मुलीच्या मनातला हिशेब चुकीचा असू शकतो, हे तिला सांगणं गरजेचं होतं. ते ऐकून तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

चौथा पर्याय कायद्याचा. कोल्हापूरचा एक सदस्य गटात सारखा ‘६६ अ लावा’ म्हणत होता. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय. लागू पडण्यासारखं होतं ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ (४): ओळख लपवून दिलेल्या धमकीसाठी, धमकीच्या नेहमीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद. खोट्या माफीच्या पोस्टीसाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांचा आधार होता. दुसऱ्याचं सोंग घेतलेल्या मजकुराची तक्रार आली की कंपनीनं २४ तासांत पावलं उचलावीत, असं ते नियम तेव्हा सांगत होते आणि ही तक्रार पीडित व्यक्तीच्या वतीनं दुसऱ्यालाही करता येते.

या पर्यायात खरी अडचण घरची होती. ‘घरी कळलं तर मोबाइल जाणार आणि कॉलेज पण,’ मुलगी म्हणाली. ही भीती पोकळ नव्हती. तिच्या चुलत बहिणीचं तसं झालं होतं.

काय केलं

पहिलं काम आईला सांगायचं. वडिलांना आधी सांगावं की आईला, हा निर्णय मुलीवर सोडला. तिनं आईला निवडलं. मी आणि ताई खानापूरला गेलो. आईनं चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘लिवलंय काय ते बघू दे की.’ मेसेज नव्हे, तिला कथा बघायची होती. मुलीनं मोबाइलवर पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. मध्येच आईनं थांबवलं, ‘हे तुझ्या आज्जीचं बोलणं हाय.’ मग म्हणाली, ‘यात लाज वाटण्यासारखं काय हाय? जाऊ दे कॉलेजला. पंधरा दिवस तुझा मामा गाडीपर्यंत येईल.’ वडिलांशी तीच बोलली. पुढचं सगळं शक्य झालं ते या संध्याकाळमुळे.

दुसरं, पुरावा. मुलींकडे स्क्रीनशॉट ढीगभर होते, पण कापलेले. तारीख नाही, खात्याचा पत्ता नाही. खात्याचं नाव बदलता येतं, म्हणून प्रत्येक पोस्टची पूर्ण लिंक, तारीख आणि वेळ वहीत उतरवली. टेलिग्रामच्या कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपमधून सगळे मेसेज उतरवून घेतले. हे झाल्यावर मगच पेजची तक्रार केली. आधी पेज उडालं असतं तर हातात काहीच राहिलं नसतं.

पोलिसांना द्यायचा अर्ज अथणीच्या मुलानं लिहिला. त्याचं शिक्षण कानडी माध्यमातलं, घरात मराठी. मुलीनं मराठीत सांगायचं, त्यानं कानडीत उतरवायचं, वाचून अर्थ सांगायचा, मग पुढची ओळ. ‘धमकी’ कुठल्या शब्दांत मांडायची यावर दोघांचा अर्धा तास गेला, कारण मूळ मेसेजमधलं ‘नाहीतर बघ’ सौम्य होऊन चालणार नव्हतं. शेवटी मूळ मराठी वाक्य जसंच्या तसं ठेवून खाली कानडी अर्थ दिला. आणखी एक गोष्ट सांगून ठेवते: अशा वेळी मुलं १९३० ला फोन करतात, पण तो क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. आम्ही राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि अर्ज जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात दिला. आई बरोबर होती.

तिसरं काम गटातलं आणि त्याला सर्वांत जास्त वेळ लागला. निनावी लिंक त्याच दिवशी काढली. पण मला पटलेली गोष्ट अशी की लिंकनं फक्त वाट दिली. आग मानकरीच्या पद्धतीत होती. चारशे जणांत महिन्याला एकच मान, तोही गुप्त मतानं, आणि हरलेल्या प्रत्येकीला आपल्याला कोणी नाकारलं याचा अंदाज बांधायला अख्खा महिना मोकळा. शिवाय अ‍ॅडमिन मंडळ स्वतःच निनावी बोलत होतं. टेलिग्रामवर अ‍ॅडमिनला गटाच्या नावानं बोलता येतं, त्यामुळे सूचना, कानउघाडणी, कोणाचा मेसेज काढणं, सगळं बिननावाचं चालायचं. ज्यांच्या हाती अधिकार ते झाकलेले आणि ज्यांच्यावर तो चालतो त्या उघड्या. अशा गटात ‘निनावी टीका करू नका’ या सूचनेला काय वजन राहणार?

मतदान बंद करायला शहापूरच्या मुलीचाच विरोध होईल असं ताईला वाटत होतं. झालं उलटंच. ती म्हणाली, ‘माझं बिरुद आधी काढा.’ विरोध केला तो कधीच न जिंकलेल्या काही जणींनी. त्यांना आपला नंबर कधीतरी लागेल ही आशा होती. त्यांच्याशी बोलून असं ठरलं की पिन करायची जागा पाळीपाळीनं द्यायची आणि कथा टाकणाऱ्या प्रत्येकीला एक वाचक ठरवून द्यायचा, जो स्वतःच्या नावानं काय आवडलं आणि काय अडलं ते लिहील. अ‍ॅडमिननी नावानं बोलायचं. भाषेवरून कोणाचं मराठीपण काढलं तर तो मेसेज काढायचा, कारण देऊन.

परिणाम

खोट्या माफीची पोस्ट तक्रारीनंतर दोन दिवसांत गेली, पाठोपाठ पेजही. धमकीचा मेसेज पाठवणारा हे लिहीपर्यंत सापडलेला नाही. त्या खात्यावरून पुन्हा काही आलं नाही. मुलगी डिसेंबरपासून नियमित कॉलेजला जाते.

गट लहान झाला. मतदान गेल्यावर बरेच जण पांगले, रात्रीची गजबज कमी झाली आणि ताईला ते अजून खटकतं. मला ते खटकत नाही. त्या गजबजीचा मोठा हिस्सा चुरशीचा होता. फिक मात्र आता जास्त येतात आणि त्यात चिकोडी, हुक्केरीकडच्या दोघींनी आपापल्या बोलीत लिहायला घेतलंय. खानापूरच्या मुलीनं तीन महिने एक ओळ लिहिली नाही. फेब्रुवारीत तिनं उरलेली कथा एओथ्री या चाहत्यांच्या कथांच्या संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली, कारण तिथं फक्त नोंदणी केलेल्यांनाच प्रतिसाद देता येईल असं लेखकाला ठरवता येतं आणि मंजूर केल्याशिवाय प्रतिसाद दिसू न देण्याचीही सोय आहे. पहिल्या प्रकरणाचं मुखचित्र शहापूरच्या मुलीनं केलंय.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला टोमणा स्टोरीवर लागला तेव्हाच अ‍ॅडमिननी स्वतःच्या नावानं दोन ओळी लिहायला हव्या होत्या: ही कथा आमच्या गटाची आहे, ही भाषा आमची आहे. अशा वेळी लक्ष्य झालेली व्यक्ती निनावी माणसाच्या शब्दांपेक्षा ओळखीच्या माणसांच्या गप्प बसण्यानं जास्त खचते. खानापूरच्या मुलीला ते संदेश आता नीट आठवतही नाहीत. ‘ताई तीन आठवडे काही बोलली नाही’ हे मात्र आठवतं.

निषेध म्हणून स्क्रीनशॉट फिरवणंही टाळता आलं असतं. कबुली पेज बघणारे सुरुवातीला थोडे होते. ‘बघा किती घाण लिहिलंय’ म्हणत आमच्याच मुलींनी ते चारशे जणांपर्यंत नेलं. पुरावा दोघींकडे असला तरी पुरतो.

निनावीपण सरसकट वाईट ठरवावं असं मला वाटत नाही. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञानं २००४ मध्येच मांडलं होतं की पडद्यामागे माणूस जसा विखारी होतो तसाच कधी नेहमीपेक्षा मोकळा आणि मायाळूही होतो. आज्जीचा आवाज ऐकू आला म्हणणारी मुलगी त्याच लिंकवरून आली होती. त्या मुलीसारख्यांसाठी गटात आता एक सोय आहे: ताईला खासगीत लिहायचं, ती नाव न सांगता लेखिकेपर्यंत पोचवते. सांगणारी कोण ते एका जबाबदार माणसाला माहीत असतं, एवढाच फरक. पण त्यासाठी ताईवर सगळ्यांचा विश्वास असावा लागतो आणि उद्या ताई बदलली तर काय, याचं उत्तर गटाकडे नाही.

पुण्याच्या मुलीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ताईनं तिला खासगीत माफीचा मेसेज पाठवला. माझ्या मते ते पुरेसं नव्हतं. आरोप सगळ्यांसमोर झाला होता, म्हणजे तो चुकीचा होता हेही सगळ्यांसमोर, तिचं नाव पुन्हा चघळलं जाणार नाही अशा शब्दांत सांगायला हवं होतं. त्या मजकुरावर अ‍ॅडमिन मंडळात अजून एकमत झालेलं नाही. शहापूरच्या मुलीनं तीन वाक्यांचा एक मसुदा करून दिलाय आणि गटात टाकण्याआधी तो पुण्याच्या मुलीला दाखवायचा, एवढं सध्या ठरलंय.